पाणी मोजायचं, पण कोणत्या महिन्यात?

‘तुमच्या घरी पिण्याचं पाणी मुख्यतः कुठून येतं?’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या लांबलचक प्रश्नावलीतला हा एक प्रश्न. उत्तराचे पर्याय ठरलेले असतात: घरात नळ, अंगणात नळ, सार्वजनिक नळ, बोअर, बांधलेली झाकलेली विहीर, उघडी विहीर, झरा, टँकर, बाटलीबंद पाणी, नदी किंवा तलाव. सर्वेक्षक त्यातल्या एकाची नोंद करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३६ हजार कुटुंबांकडून अशी उत्तरं घेतली गेली आणि त्यातून आकडा निघाला की, देशातले सुमारे ९६ टक्के लोक ‘सुधारित’ स्रोताचं पाणी पितात.

मे महिन्यात मराठवाड्यात किंवा मोखाड्याच्या पाड्यांवर गेलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. तरी हा आकडा खोटा नाही. तो एका अरुंद प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आहे.

‘सुधारित’ म्हणजे ज्या स्रोताची बांधणीच अशी आहे की बाहेरची घाण सहज आत जात नाही. हातपंप सुधारित, उघडा आड असुधारित. पाणी तपासावं लागत नाही, घरच्या माणसाला विचारलं की वर्गवारी होते, म्हणून जगभरच्या सर्वेक्षणांना ही व्याख्या सोयीची वाटली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम १९९० पासून देशोदेशीच्या अशा सर्वेक्षणांचे आकडे एकत्र करतो. सुधारित स्रोत नसलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर आणण्याचं संयुक्त राष्ट्रांचं सहस्रक उद्दिष्ट २०१० मध्येच, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं गेलं, अशी घोषणा २०१२ मध्ये झाली ती याच मोजमापावर.

या व्याख्येची सगळ्यात मोठी किंमत बांगलादेशाने मोजली. तळ्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका म्हणून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. कागदावर सगळ्या सुधारित. पुढे कळलं की जमिनीच्या वरच्या थरांतल्या पाण्यात आर्सेनिक आहे. या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी तपासणीत उथळ कूपनलिकांपैकी सुमारे २७ टक्के नलिकांच्या पाण्यात ते लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून जास्त सापडलं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम. असं पाणी दिसायला नितळ असतं, चवीलाही ठीक लागतं. घरातल्या बाईला कितीही नीट विचारलं तरी तिला आर्सेनिक सांगता येणार नाही.

म्हणून २०१५ नंतरच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत मोजपट्टी बदलली. आता ‘सुरक्षित व्यवस्थापित’ पाणी म्हणजे सुधारित स्रोत असलेलं, घराच्या आवारात मिळणारं, गरज पडेल तेव्हा उपलब्ध असलेलं आणि मलजन्य जंतू, आर्सेनिक व फ्लोराइड यांपासून मुक्त पाणी. या नव्या पट्टीने मोजल्यावर २०२२ मध्ये जगातले सुमारे २२० कोटी लोक वंचित निघाले.

नवी पट्टी लावायची तर सर्वेक्षकाच्या पिशवीत कागदांबरोबर छोटी प्रयोगशाळाही हवी. युनिसेफच्या बहुसूचक सर्वेक्षणांत आता तशी असते. निवडलेल्या काही घरांत सर्वेक्षक म्हणतो, ‘घरातल्या माणसाला प्यायला देता तसं एक पेलाभर पाणी द्या.’ त्यातलं १०० मिलिलिटर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढतात, गाळणी पोषकद्रव्य असलेल्या तबकडीवर ठेवतात आणि ती एक-दोन दिवस उबेत राखतात. पाण्यात ई. कोलाय हे मलजन्य जंतू असतील तर त्यांच्या वसाहती डोळ्यांना दिसतील एवढ्या वाढतात, त्या मोजायच्या. हीच चाचणी स्रोताच्या पाण्यावरही करतात. बांगलादेशात २०१९ च्या फेरीत जेवढ्या लोकांच्या स्रोतात हे जंतू सापडले, त्याच्या जवळपास दुप्पट लोकांच्या घरातल्या पेल्यात सापडले. नळ किंवा पंप आणि ओठ यांच्यामध्ये कळशी असते, पिंप असतं, त्यात बुडणारा हात असतो. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा, असं आरोग्यसेविका पुन्हापुन्हा सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

शुद्धता मोजण्याचा प्रश्न असा हळूहळू सुटतो आहे. आपल्याकडचा अवघड प्रश्न दुसराच आहे, तो म्हणजे ऋतूचा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातले १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. त्यानंतरचा २०१९ चा उन्हाळा अनेक गावांनी टँकरवर काढला. आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं राज्यातलं काम झालं २०१९ च्या जून ते डिसेंबर या काळात. ऑगस्टमध्ये तर सांगली-कोल्हापूर महापुरात होतं. पाऊस पडून विहिरी भरल्यावर ‘मुख्य स्रोत कोणता’ विचारलं तर उत्तर विहीर किंवा नळ हेच येणार, आणि ते खरंच असणार. मेमधल्या टँकरची रांग त्या रकान्यात मावत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची पाणी आणि घरांविषयीची ६९ वी आणि ७६ वी फेरीही जुलै ते डिसेंबर याच महिन्यांत झाली. त्यांनी निदान ‘वर्षभर पाणी पुरतं का?’ असं विचारलं, हे चांगलं केलं. ‘गेल्या महिन्यात पाणी कधी कमी पडलं का?’ असं विचारणारी सर्वेक्षणंही आहेत, पण तो गेला महिना एप्रिल होता की सप्टेंबर, यावर सगळं अवलंबून राहतं.

यात भर व्याख्येची. टँकरचं पाणी पूर्वी असुधारित मानलं जाई. २०१७ पासून संयुक्त देखरेख कार्यक्रमाने टँकर आणि बाटलीबंद पाणी सुधारितमध्ये घेतलं, आपल्या पाचव्या फेरीनेही घेतलं. त्याला कारण आहे, कारण टँकरचं पाणी विहिरीच्या गाळापेक्षा स्वच्छ असू शकतं. पण चौथ्या आणि पाचव्या फेरीचे आकडे शेजारी ठेवून प्रगती सांगणाऱ्याने हा बदल आधी सांगायला हवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या लातूरमध्येही नळ होतेच, म्हणजे कागदावर स्रोत सुधारितच.

पाणी आणायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप त्याहून कच्चं आहे. जाऊन, रांगेत थांबून, परत यायला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती सेवा ‘मर्यादित’. उत्तर अंदाजाने दिलेलं असतं, एका खेपेचं असतं, आणि दिवसाच्या खेपा किती याचा त्यात हिशेब नसतो. आवारात पाणी नसलेल्या जगातल्या दहापैकी सात घरांत पाणी बाया आणि मुली आणतात, पण प्रश्नाला उत्तर देणारं माणूस तेच असेल असं नाही. बीडची ऊसतोड मजुरांची घरं दिवाळीनंतर कुलूपबंद असतात. कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत ते काय पाणी पितात, हे गावच्या घरावर आधारलेल्या नमुन्यात येत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली मला या सगळ्यात आशादायक वाटते. अनेक देशांत तपासून पाहिलेल्या या पट्टीच्या अभ्यासस्थळांत पुणेही होतं. तिच्यात स्रोताचं नावच विचारलेलं नाही. गेल्या चार आठवड्यांत पाण्याची चिंता किती वेळा वाटली, कपडे धुणं किती वेळा राहिलं, तहानलेलं झोपावं लागलं का, पाण्यापायी लाज वाटली का, असे १२ प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि बेरीज १२ किंवा जास्त झाली तर ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित. दहा मिनिटांत होणारं हे काम आपल्या मोठ्या सर्वेक्षणांत का घेऊ नये?

माझ्या मते महाराष्ट्रात ही प्रश्नावली नोव्हेंबरात आणि मेमध्ये, त्याच घरांत दोनदा न्यायला हवी. खर्च वाढेल, म्हणून प्रत्येक जिल्ह्यातली थोडीच गावं घ्यावीत. आणि ‘पाण्याला कोण जातं?’ हे दारातच विचारून पुढचे प्रश्न तिलाच करावेत.