मोटारीतील बालआसनांसाठी साहाय्य

लहान मुलांसाठी मोटारीत बसवायचे सुरक्षा आसन, म्हणजे बोलीतील ‘कार सीट’, ज्या कुटुंबांना विकत घेणे जड जाते, त्यांना ते मोफत, सवलतीत, भाड्याने किंवा अनामत घेऊन वापरापुरते मिळवून देण्याची व्यवस्था. अशा व्यवस्था मुख्यतः रुग्णालये, विमा कंपन्या, बालसंगोपन संस्था आणि शासकीय रस्ता सुरक्षा निधी यांच्या आधाराने चालतात.

प्रौढांसाठी बेतलेला सीटबेल्ट लहान मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो, त्यामुळे धडकेत तोच इजा करू शकतो. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मानेची हाडे पुरती टणक झालेली नसतात; म्हणून तान्ह्या बाळाचे आसन मागच्या दिशेला तोंड करून बसवतात, जेणेकरून धक्का मानेऐवजी संपूर्ण पाठीवर पसरतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना मांडली. मांडीवर घट्ट धरलेले मूल सुरक्षित असते हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, पण ताशी ५० किमी वेगाच्या धडकेत १० किलोचे बाळ धरून ठेवायला क्षणभर दीडशे ते तीनशे किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते, आणि ती कोणत्याही आईबापाच्या हातांत नसते. बालआसनांच्या वापराने मुलांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार (कलम १९४ ब) १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. आसनांचे भारतीय मानक एआयएस-०७२ हे ज्या संस्थेमार्फत प्रसिद्ध होते, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) पुण्यात, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या मोटारींच्या सुरक्षा चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेला ४९ पैकी स्वतंत्र गुण मिळतात. मात्र हे गुण गाडीचे असतात. तिच्यात बसवायचे आसन ग्राहकाने वेगळे घ्यायचे असते.

खरी अडचण तेथे सुरू होते. साधे आसन पाच-सात हजार रुपयांपासून मिळते, तर आयात केलेल्या आसनाची किंमत तीस-चाळीस हजारांवरही जाते. शिवाय एकदाच खर्च करून भागत नाही. तान्ह्या बाळाचे आसन साधारणतः १३ किलो वजनापर्यंत चालते, त्यापुढचे १८ किलोपर्यंत, आणि नंतर उंची सुमारे १३५ ते १५० सेंमी होईपर्यंत बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारा बूस्टर लागतो. पिंपरी-चिंचवड किंवा हडपसर भागात कर्जावर जुनी छोटी गाडी घेतलेल्या आणि सणासुदीला गावी जाण्यापुरतीच ती बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला दीड वर्षात निरुपयोगी होणाऱ्या वस्तूवर एवढा पैसा घालणे उधळपट्टी वाटते. पण नेमका हाच प्रवास द्रुतगती मार्गावरून किंवा महामार्गावरून, जास्त वेगाने होतो.

आसन थोडेच दिवस लागते आणि नंतर माळ्यावर पडून राहते, म्हणून अनुदानापेक्षा उसनवारीची पद्धत अधिक किफायतशीर ठरते, विशेषतः तान्ह्या बाळांच्या आसनांबाबत. स्वीडनमध्ये विमा कंपन्यांनी ती भाड्याने देण्याची प्रथा रुळवली; न्यूझीलंडमध्ये प्लंकेट या मातृ-बालसंगोपन संस्थेने अनेक वर्षे असाच उपक्रम चालवला. अमेरिकेत राज्यांना मिळणाऱ्या रस्ता सुरक्षा अनुदानाचा काही भाग अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना आसने देण्यासाठी वापरता येतो. ब्रिटनने बालआसनांवरील मूल्यवर्धित कर सवलतीच्या ५ टक्क्यांवर ठेवला आहे. या मार्गाने सर्वांनाच थोडा दिलासा मिळतो, पण ज्याच्याकडे मुळात पैसे नाहीत त्याचे त्याने भागत नाही.

पुण्याला उसनवारीची ही कल्पना परकी नाही. चाकाची खुर्ची, वॉकर, फाउलर बेड अशा वस्तू अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे शहरात सामाजिक संस्था आणि मंडळे चालवतात, आणि बालआसने त्याच नोंदवहीत सहज बसू शकतात. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि नात्यागोत्यात वापरलेली आसने तशीही हातोहात फिरतात. धोका याच अनौपचारिक देवघेवीत आहे. आसनाने एखादी धडक सोसलेली असली तर बाहेरून ते धडधाकट दिसूनही आतून तडकलेले असू शकते. प्लॅस्टिक उन्हाने कमकुवत होते, म्हणून अनेक आसनांवर वापराची मुदत छापलेली असते. मुदत संपलेले, मानकाचे लेबल निघालेले किंवा पट्टे बदललेले आसन घेऊ नये. वाटप करणाऱ्या संस्थेने प्रत्येक आसनाचा इतिहास नोंदवावा आणि अपघातात सापडलेले आसन न कचरता मोडीत काढावे.

आसन हाती आले तरी ते चुकीचे बसवले गेले तर संरक्षण बरेच कमी होते. म्हणून अमेरिकेतील अनेक उपक्रमांत आसन देताना प्रशिक्षित व्यक्ती पालकांकडून ते त्यांच्याच गाडीत बसवून घेते. मागे तोंड असलेले आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. जुन्या गाड्यांत आसन थेट गाडीला अडकवण्याचे आयसोफिक्सचे कडे नसते, तेव्हा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या तीन बिंदूंच्या बेल्टने बसणारेच आसन द्यावे लागते; देणगीदाराने कौतुकाने दिलेले महागडे आसन अशा घरात निकामी ठरते.

या साहाय्याला एक मर्यादा आहे आणि पुण्यात ती ठळक दिसते. येथील असंख्य मुले मोटारीने नव्हे, दुचाकीने प्रवास करतात. त्यांच्यासाठी २०२२ च्या केंद्रीय नियमाने चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किमी ही वेगमर्यादा घातली आहे. तो पट्टा आणि लहान मापाचे हेल्मेट बालआसनाच्या मानाने बरेच स्वस्त पडते, त्यामुळे तेवढ्याच निधीत अनेकपट कुटुंबांना मदत पोहोचू शकते. रिक्षात प्रवाशांसाठी सीटबेल्टच नसल्याने तेथे मात्र बालआसन बसवताच येत नाही.