पोपची प्रमादातीतता व चर्चची क्षमायाचना

रोमन कॅथलिक चर्चमधील एक सिद्धांत आणि त्याला वरवर पाहता छेद देणारा, तुलनेने अलीकडचा आचार. पोप हा सर्व ख्रिस्ती जनांचा मेंढपाळ व गुरू या नात्याने, आपला सर्वोच्च प्रेषितीय अधिकार वापरून, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची शिकवण अखिल चर्चने मानावी म्हणून निश्चित करतो, तेव्हा त्या निश्चितीत चूक होत नाही (हीच प्रमादातीतता), असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी ठरविले. नाते, अधिकार, विषय आणि व्याप्ती या चारही अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पोपचे राजकीय मत, त्याने केलेल्या नेमणुका, विमानात पत्रकारांपुढे काढलेले उद्गार किंवा त्याचे खाजगी वर्तन यांना हा सिद्धांत लागू नाही. पोपदेखील धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापनिवेदन करतो, ज्याला बेळगावातील कोकणी घरांत कुमसार म्हणतात. ‘जो चुकत नाही तो माफी कसली मागतो?’ हा मराठी वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून डोकावणारा प्रश्न या दोन गोष्टींची गल्लत करतो. ती गल्लत अगदीच निराधार मात्र नाही, हे पुढे दिसेल.

उगम : सिद्धांताचे समर्थक मत्तय १६:१८ (‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’) आणि लूक २२:३२ (पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने केलेली प्रार्थना) ही वचने पुढे करतात. पहिल्या सहस्रकात रोमच्या पीठाचे श्रेष्ठत्व बऱ्याच ठिकाणी मान्य होते; परंतु एकट्या पोपचा निर्णय अपरिवर्तनीय असतो, असे स्पष्ट विधान त्या काळात आढळत नाही. उलट, तिसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने (६८०–८१) पहिला होनोरियस या दिवंगत पोपलाच पाखंडाबद्दल दोषी ठरविले. बाराव्या शतकातील ग्रेशनच्या धर्मविधिसंग्रहात पोपचा न्याय कोणीही करू नये असे म्हणताना ‘तो श्रद्धेपासून ढळलेला आढळल्यास गोष्ट वेगळी’ असा अपवाद नोंदविलेला आहे, आणि त्यावरील भाष्यकारांनी पोप चुकू शकतो हे गृहीतच धरले होते. त्यांच्या मते न चुकणारे होते ते चर्च.

मध्ययुगाचे अभ्यासक ब्रायन टिअर्नी यांनी १९७२ मध्ये मांडलेले मत असे, की ही कल्पना तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कन संन्याशांच्या दारिद्र्यव्रताच्या वादातून जन्मली. तिसऱ्या निकोलसने १२७९ मध्ये त्या व्रताला अनुकूल निर्णय दिला होता. तो पुढच्या पोपने फिरवू नये म्हणून पीटर जॉन ऑलिवी या फ्रान्सिस्कनाने साधारण १२८० च्या सुमारास पोपचा श्रद्धाविषयक निर्णय अचूक असतो, असे प्रतिपादन केले. म्हणजे आरंभी हा सिद्धांत पोपचे हात बांधण्यासाठी होता. बाविसाव्या जॉनने १३२४ च्या आज्ञापत्रात पूर्वीच्या पोपचा निर्णय आपल्याला बदलता येत नाही हा युक्तिवाद धुडकावून लावला, तो त्यामुळेच. टिअर्नींच्या टीकाकारांत आल्फोन्स श्टिकलर प्रमुख होत. त्यांच्या मते टिअर्नींनी जुन्या भाष्यकारांचा अर्थ एकांगी लावला असून कल्पनेची बीजे आधीपासून होती. कार्मेलाइट पंथाचा ग्वीदो तेरेनी (सु. १३३०) याची मांडणी आधुनिक सिद्धांताला ऑलिवीपेक्षा अधिक जवळची आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. एकाच लेखकाच्या माथी जन्म मारणे धाडसाचे असले, तरी बाराव्या शतकातील शांतता आणि चौदाव्यातील गलबला यांमधला फरक टिअर्नींच्या बाजूने बोलतो.

पहिली व्हॅटिकन परिषद : नवव्या पायसने बोलाविलेल्या या परिषदेत विरोधकांचा मुख्य सूर सिद्धांत खोटा आहे असा नव्हता, तो जाहीर करण्याची ही वेळ नव्हे, असा होता. १३ जुलै १८७० च्या प्राथमिक मतदानात ४५१ होकार, ८८ नकार आणि ६२ सशर्त होकार पडले. सुमारे साठ विरोधक बिशप अंतिम मतदानापूर्वीच रोम सोडून गेले. १८ जुलैला ५३३ विरुद्ध २ अशा मतांनी ठराव संमत झाला, बाहेर गडगडाटी पाऊस सुरू असताना. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स–प्रशिया युद्ध पेटले आणि २० सप्टेंबरला इटालियन सैन्याने रोम घेतले. परिषद अर्धवट राहिली. म्युनिकचे इतिहासकार डॉलिंगर यांनी ठराव नाकारल्यामुळे त्यांना १८७१ मध्ये बहिष्कृत करण्यात आले, आणि त्यांच्या मताच्या लोकांमधून ‘जुने कॅथलिक’ हा वेगळा गट उभा राहिला.

ठरावातील सर्वांत वादग्रस्त वाक्यांश असा, की पोपच्या अशा निश्चिती ‘स्वतःच्या बळावर, चर्चच्या संमतीमुळे नव्हे’ अपरिवर्तनीय असतात. त्याचा रोख १६८२ च्या फ्रेंच धर्मगुरूंच्या भूमिकेवर होता. चर्चची संमती मिळेपर्यंत पोपचा निकाल पक्का नाही, असे ते म्हणत. बेळगाव सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा अहवाल (१९६७) कर्नाटक अंतिम मानतो आणि महाराष्ट्र मानत नाही, या वादात वाढलेल्या सीमाभागातील वाचकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६४) हाच सिद्धांत कायम ठेवून त्याच्या शेजारी बिशपांच्या समुदायाची प्रमादातीतता मांडली. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम ७४९ नुसार एखादी शिकवण तशी निश्चित झाली आहे हे उघडपणे सिद्ध असल्याखेरीज ती प्रमादातीत समजू नये.

प्रत्यक्ष वापर थोडा. मरियेचा निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे ती गर्भात येतानाच मूळ पापापासून मुक्त होती ही शिकवण (८ डिसेंबर १८५४), आणि तिचे सदेह स्वर्गोन्नयन (१ नोव्हेंबर १९५०) ही दोन उदाहरणे सर्वमान्य आहेत. पहिले तर ठरावाच्या सोळा वर्षे आधीचे. जर्मन जेझुइट क्लाउस शाट्स यांनी जुन्या काळातील आणखी धरून सात मोजली. १९५० ची घोषणा करण्यापूर्वी बाराव्या पायसने १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांचे मत मागविले होते. संमतीची गरज नव्हती, तरी ती विचारली गेली. संततिनियमनावरील १९६८ चे परिपत्रक या कोटीत मोडत नाही. स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा नाकारणाऱ्या १९९४ च्या पत्राबाबत मात्र गुंता आहे. १९९५ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने ती शिकवण चर्चच्या नित्याच्या अध्यापनातून प्रमादातीतपणे आलेली आहे असे म्हटले. परंतु तसे म्हणणारे मंडळ स्वतः प्रमादातीत नाही, हा धर्मशास्त्रज्ञांचा आक्षेप बिनतोड वाटतो.

बेळगाव परिसर : एकोणिसाव्या शतकात घाटावरच्या कॅथलिकांना ‘पोपचा अधिकार’ हा पुस्तकी विषय नव्हता. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाधिकाराखालील (धर्माधिकारी सुचविण्याच्या हक्काखालील) गोव्याचे आर्चबिशप आणि रोमने थेट नेमलेले मुंबईचे धर्माधिकारी यांच्यात पश्चिम भारतातील चर्चे वाटली गेली होती. सोळाव्या ग्रेगरीच्या १८३८ च्या आज्ञापत्राने वाद चिघळला आणि तो १८८६ च्या करारापर्यंत चालला. गोव्याची बाजू पोपची सत्ता नाकारत नव्हती. पोपला चुकीची माहिती मिळाली आहे, असे ती म्हणे. बेळगावचा धर्मप्रांत बाराव्या पायसनेच १९५३ मध्ये स्थापिला. त्यातून १९७६ मध्ये कारवार वेगळे झाले. इथल्या मिस्सा कोकणी, मराठी, कन्नड व इंग्रजीत होतात आणि कोणत्या चर्चमध्ये कोणती भाषा किती, यावर कधी कधी कुरबूर होते. हा प्रश्न शिस्तीचा आहे, श्रद्धेचा नव्हे. त्यामुळे प्रमादातीततेशी त्याचा संबंध येत नाही. १५ ऑगस्टचा स्वर्गोन्नयनाचा सण १९५० च्या घोषणेहून कित्येक शतके जुना आहे. आता तो झेंडावंदनाच्या दिवशीच येतो. बेळगाव कॅम्पमधील कॅथेड्रल फातिमा मातेच्या नावाचे आहे. फातिमा येथील १९१७ चे दर्शन स्थानिक बिशपने १९३० मध्ये ‘विश्वासास पात्र’ ठरविले, पण ते मानण्याचे बंधन कोणाही कॅथलिकावर नाही. कॅथेड्रलचे नाव आणि बंधनकारक सिद्धांत यांत असे अंतर असू शकते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते.

क्षमायाचना : पोपने चर्चच्या दोषांची कबुली देण्याचे जुने ठळक उदाहरण सहाव्या एड्रियनचे. त्याने १५२२ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार त्याच्या प्रतिनिधीने न्यूरेंबर्गच्या सभेत रोमच्या दरबाराची पापे मान्य केली. त्यानंतर चार शतके जवळपास सामसूम. सहाव्या पॉलने १९६३ मध्ये विभक्त ख्रिस्ती बांधवांची क्षमा मागितली. दुसऱ्या जॉन पॉलने मात्र हा आचारच रूढ केला. १९९२ मध्ये त्याने गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक मान्य केली. १६३३ चा निकाल पोपची श्रद्धाविषयक निश्चिती नव्हती, म्हणून सिद्धांताला धक्का लागत नाही, असे समर्थक सांगतात. ते तंत्रदृष्ट्या बरोबर आहे. पण असे प्रत्येक उदाहरण वगळताना सिद्धांताचे क्षेत्र आक्रसत जाते, हेही खरे.

१२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, सेंट पीटर्समध्ये क्षमायाचनेची खास प्रार्थना झाली. सात कबुल्या होत्या. प्रत्येक कबुली रोमच्या कारभारातील एकेका ज्येष्ठ धर्माधिकाऱ्याने वाचायची, मग पोपने प्रार्थना म्हणायची आणि क्रुसापुढे एक दिवा लावला जायचा, असा क्रम होता. ‘सत्याच्या सेवेत’ झालेल्या पापांची कबुली पुढे पोप झालेल्या राट्झिंगर यांनी वाचली. तिच्यात चर्चच्या माणसांनी सत्यरक्षणासाठी कधीकधी शुभवर्तमानाला न शोभणाऱ्या पद्धती वापरल्या, असे शब्द आहेत. क्रुसेड (धर्मयुद्धे) किंवा इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा देणारे न्यायपीठ) यांचे नाव नाही. क्षमा ईश्वराची मागितली होती, आणि दोष ‘चर्चच्या मुलांचा’ होता. सोबतच्या धर्मशास्त्रीय निवेदनानुसार चर्च स्वतः पवित्र असून आईप्रमाणे मुलांच्या पापांचा भार उचलते. कार्ल रानर यांच्यासारखे धर्मशास्त्रज्ञ त्याआधीच ‘पापी चर्च’ असे बोलत आले होते. प्रस्तुत विषयातील खरा वाद इथे आहे. संस्था चुकली असे म्हटले, तर अध्यापनाची हमी कशी टिकवायची. आणि माणसेच चुकली म्हटले, तर पीडितांना ती पळवाट वाटते. पोप फ्रान्सिसने २०१५ मध्ये बोलिव्हियात ‘खुद्द चर्चच्या’ अपराधांबद्दल क्षमा मागितली, तर २०२२ मध्ये कॅनडात ‘अनेक ख्रिस्ती जनांनी’ केलेल्या दुष्कृत्यांबद्दल. दुसऱ्या शब्दयोजनेवर टीका झाली ती याच कारणाने.

गोव्याचा प्रश्न : दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला (संताच्या सणाला) बेळगाव–खानापूर भागातून अनेक भाविक, काही पायी, घाट उतरून जुन्या गोव्याला जातात. ज्या फ्रान्सिस झेवियरचे हे फेस्त, त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन हवे असे लिहिले होते; न्यायपीठ आले ते त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये. त्याला संत घोषित केले गेले १२ मार्च १६२२ रोजी, म्हणजे २००० मधील क्षमायाचनेच्या प्रार्थनेच्या तारखेलाच. हा बहुधा निव्वळ योगायोग असावा. संतघोषणा प्रमादातीत असते असे बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञ मानतात. परंतु ती संबंधित व्यक्ती स्वर्गात आहे एवढेच सांगते, तिचे प्रत्येक पत्र योग्य होते असे सांगत नाही.

गोव्याचे न्यायपीठ १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन पॉलच्या १९९९ च्या दिल्लीभेटीपूर्वी विश्व हिंदू परिषदेसह काही संघटनांनी या न्यायपीठाबद्दल पोपने माफी मागावी, अशी मागणी केली. पुढच्या वर्षीच्या प्रार्थनेत गोव्याचा उल्लेख नव्हता. दायित्वाची वाटणीही सरळ नाही. पोर्तुगीज इन्क्विझिशनला मंजुरी तिसऱ्या पॉलने १५३६ मध्ये दिली होती, पण ते मागणारा, चालविणारा आणि अखेरीस मोडणारा पोर्तुगीज राजदरबार होता. गोव्यातील खटल्यांची बहुतेक मूळ कागदपत्रे नष्ट झाली. उरलेला पत्रव्यवहार व सूची लिस्बन आणि रिओ दि जानेरो येथे आहेत.