सफरचंदाचा बुटका खुंट (थंड प्रदेशातला)

सफरचंदाची बाग बियांपासून करत नाहीत, कलमं लावतात. खाली मुळांचा खुंट आणि वर हव्या त्या जातीची काडी, आपल्याकडे मानकुराद आंबा रायवळ कोयीच्या रोपावर बांधतात तसंच. पण आंब्याचा खुंट कुठल्या कोयीचा हे नर्सरीवालाही सहसा सांगू शकत नाही, सफरचंदात मात्र खुंटाला नाव-नंबर असतो आणि झाड किती वाढणार, फळ किती लवकर धरणार हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सगळ्यात गाजलेला खुंट म्हणजे इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्राचा एम-९. झाड अडीच-तीन मीटरवर थांबतं, दोन-तीन वर्षांत फळ देतं, शिडी-झेल्याची कटकट नाही. पण मुळं ठिसूळ, त्यामुळे जन्मभर खांब नाहीतर तारेचा आधार लागतो, आणि कडक थंडीत ती मुळंच आधी मरतात.

लोक इथेच फसतात. बुटकेपणा आणि थंडी सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जातीची काडी कितीही काटक असली तरी खालचं मूळ गेलं की झाड गेलंच. बर्फाची जाड चादर असेल तर मुळं वाचतात, खरा धोका उघड्या, गोठलेल्या जमिनीत. म्हणून अशा भागात बी-९ बरा, रशियातल्या मिचुरिन्स्कला बुडागोव्हस्कीने काढलेला, आकाराने एम-९ च्या आसपास पण जास्त काटक. त्याची पानं लालसर असतात, त्यामुळे कलमाच्या जोडाखालून फुटवा आला की लगेच ओळखता येतो आणि काढून टाकता येतो. एम-२६ थोडा मोठा आणि एम-९ पेक्षा काटक, पण फायर ब्लाइट रोगाला फारच नाजूक. एमएम-१०६ ला लोकरी मावा ही कीड सहसा लागत नाही, पण तो उशिरापर्यंत वाढत राहतो आणि लवकर पडलेल्या कडाक्यात सापडतो. फारच थंडी असेल तर अँटोनोव्हका या काटक रशियन सफरचंदाच्या बियांचं रोप खुंट म्हणून घ्यायचं, झाड मात्र पूर्ण उंच होतं, मग काही जण मधे बी-९ चा तुकडा जोडून दुहेरी कलम करतात, खटाटोप आहे पण काटक मूळ आणि आटोपशीर झाड दोन्ही मिळतं.

लावताना जोड मातीच्या वर वीतभर तरी हवा. तो गाडला गेला तर वरची जात स्वतःची मुळं सोडते आणि बुटकेपणा संपला.

काश्मीर-हिमाचलात आता तारांवरच्या दाट बागा याच खुंटांवर उभ्या राहतायत. गोव्यात ऑनलाइन 'बुटकं सफरचंद' मागवून कुंडीत लावणारेही आहेत, पण पणजीत जानेवारीतल्या रात्रीसुद्धा पारा वीसच्या आसपास, आणि सफरचंदाला नीट फुलायला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, ते तास किती हे मुख्यतः वरच्या जातीवर ठरतं. लावायचंच असेल तर हिमाचलच्या बिलासपूरचं, हरिमन शर्मांनी काढलेलं एचआरएमएन-९९ या जातीचं सफरचंद बघावं, ते कमी थंडीतही फळतं.