मोफत सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरतं? कोल्हापूरच्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला आज कॉलेजच्या ओळखपत्रावर किंवा ईमेलवर जे मिळू शकतं, ते बाजारातून घ्यायचं तर लाखाच्या पुढे खर्च येईल. ऑटोकॅडसारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर मिळतं, प्रोग्रॅमरांची विकतची साधनं मिळतात, क्रेडिट कार्ड न देता क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर) खर्चायला शंभर डॉलर मिळतात. बीएस्सीच्या मुलीला सांख्यिकीसाठी ‘आर’ आहे, एमएच्या विद्यार्थ्याला शोधगंगा या खुल्या संग्रहातले पीएचडीचे प्रबंध आहेत, प्राध्यापकांना वर्ग चालवायला मूडल किंवा गुगल क्लासरूम आहे. वर्गात मात्र हे सगळं ‘फ्री आहे, घ्या डाउनलोड करून’ एवढ्याच शब्दांत सांगितलं जातं. प्रत्यक्षात या साधनांमागे तीन निरनिराळे इतिहास आहेत. काही साधनं तत्त्वातून आली, काही सरकारी तिजोरीतून आणि काही कंपन्यांच्या बाजारातल्या हिशोबातून. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर त्यातलं काय आपल्यापाशी राहणार, हे ती कुठून आली त्यावर ठरतं. म्हणून हा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

शिकणाऱ्याचा खर्च दुसऱ्या कुणी उचलायचा, ही गोष्ट या गावाला नवी नाही. आजचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच लागली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा त्यासाठी संस्थानच्या तिजोरीतून पैशाची तरतूदही केली. मोफत म्हणायचं तर कुणीतरी पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही वाट विद्यापीठानेही धरली आणि खेड्यातून आलेली कितीतरी मुलं त्या जोरावर शिकली.

कॉम्प्युटर आला तो साधारण इंजिनिअरिंग कॉलेजांबरोबर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान तत्त्वावर खासगी कॉलेजांना वाट मोकळी झाली. कोल्हापूरचं केआयटी १९८३ चं, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील कॉलेज १९८४ चं. इचलकरंजीत डीकेटीईची टेक्स्टाइल संस्था त्याआधी १९८२ मध्येच सुरू झाली होती.

नेमक्या त्याच १९८३ साली, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावं, आतला कोड वाचता यावा, बदलता यावा आणि बदललेलं दुसऱ्याला देता यावं, ही त्यांची भूमिका होती. ती नुसती भाषणापुरती राहिली नाही. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना लिहिला. या परवान्याखाली जे दिलं गेलं ते पुढे वाटताना त्याच अटींवर वाटावं लागतं. घेतलेला हक्क मध्येच कुणी काढून घेऊ शकत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

पुढची बरीचशी साधनं विद्यार्थी आणि शिक्षकांनीच घडवली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते. ‘आर’ ही सांख्यिकीची भाषा न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतली. गणिताचे पेपर ज्यात टाइप होतात ते लेटेक ज्या टेकवर उभं आहे, ते स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्याच पुस्तकांची छपाई मनासारखी होईना म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तयार केलं. मूडल २००२ मध्ये मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात बांधलं. स्वतःची अडचण सोडवली आणि जे जमलं ते सगळ्यांना देऊन टाकलं, असे हे लोक.

आपल्याकडे मात्र ही साधनं पोचायला वेळ लागला, कारण डायल-अपच्या काळात शेकडो एमबी डाउनलोड करणं जवळपास अशक्य होतं. नव्वदच्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. २००५ पासून उबुंटूवाले (उबुंटू म्हणजे लिनक्सचंच एक रूप) वेबसाइटवर पत्ता भरला की थेट घरी सीडी पाठवायचे, टपालखर्चही त्यांचाच; ही सोय २०११ पर्यंत चालली.

बाकी ठिकाणी चोरीची प्रत हाच रिवाज होता. लॅबपासून खासगी क्लासपर्यंत कोणालाच त्यात वावगं वाटत नसे. याचा खरा तोटा नंतर व्हायचा. मुलगा चार वर्षं महागडं सॉफ्टवेअर शिकायचा आणि उद्यमनगरातल्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या छोट्या फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला लागायचा. त्या मालकाला परवाना परवडायचा नाही, म्हणजे तिथेही चोरीचीच प्रत. मोफत पर्याय असतो, त्यावर काम होतं, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसायचं.

सरकारी तिजोरीतून आलेला प्रवाह मला सगळ्यात जवळचा वाटतो. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं आणि आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली झाली. २००९ मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन हाती घेतलं. त्याच मिशनच्या पैशातून आयआयटी मुंबईत फॉसी (शिक्षणात मोफत-मुक्त सॉफ्टवेअर रुजवणारा) आणि स्पोकन ट्यूटोरियल हे प्रकल्प उभे राहिले. स्पोकन ट्यूटोरियलचे धडे साधारण दहा मिनिटांचे, समोर स्क्रीन आणि कानात आवाज, आणि तो आवाज मराठीतही आहे. इंग्रजीचा धसका घेतलेल्या मुलाला लिनक्स, प्रोग्रॅमिंगची पायथन भाषा, लिबर ऑफिस स्वतःच्या भाषेत ऐकायला मिळतं, तेव्हा काय फरक पडतो ते शिकवणाऱ्याला लगेच जाणवतं.

फॉसीने तर विद्यार्थ्याला कामही दिलं. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब किंवा पायथनमध्ये लिहून द्यायची, ती तपासून मान्य झाली की मानधन मिळतं. गणिती आकडेमोडीच्या महागड्या मॅटलॅबच्या जागी मोफत सायलॅब, सर्किटसाठी ई-सिम, केमिकलच्या विद्यार्थ्यांना डीडब्ल्यूसिम, अशी ती मांडणी आहे. कसबा बावड्यात बसून मुंबईच्या आयआयटीसाठी काम करायचं, नावासह ते प्रसिद्ध व्हायचं आणि वर मानधन, ही संधी आपल्या मुलांनी जितकी घ्यायला हवी तितकी घेतलेली मला दिसत नाही.

२०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच आला. अभ्यासक्रम मोफत आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, ही पद्धत आता रुळली आहे. यूजीसीने आधी वीस आणि २०२१ पासून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घ्यायची मुभा दिली. शिक्षकांचे उजळणी वर्गही २०१८ पासून ‘अर्पित’ नावाने याच मंचावर आले.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राचं, काम याहून शांतपणे चाललेलं असतं. तिथल्या एन-लिस्ट योजनेमुळे २०१० पासून गडहिंग्लज-राधानगरीसारख्या ठिकाणच्या कॉलेजलाही थोड्या वार्षिक वर्गणीत हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घेण्याची सोय झाली. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध खुले आहेत. तिथे एक दुखणं आहे. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच वाचलं जाणारं अक्षरांचं मानक) रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या-त्या कंपनीच्या फाँटमध्ये टाइप व्हायचा, त्यामुळे अनेक जुने मराठी प्रबंध तिथे दिसतात खरे, पण त्यात शब्द शोधता येत नाही. पानं उलटत बसावं लागतं. आज मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने तो युनिकोडमध्येच लिहावा, हा आग्रह मी प्रत्येकाकडे धरतो.

भूगोलाचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं एकेक चित्र एके काळी सहाशे डॉलरला पडायचं. २००८ मध्ये तो सगळा साठा जगाला मोफत खुला झाला. युरोपने २०१४ मध्ये सेंटिनेल-१ सोडला. त्याचं रडार ढगांतून आरपार पाहतं आणि तीही चित्रं मोफत आहेत. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर २००२ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेलं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा किती पसरली, प्रयाग चिखली-आंबेवाडीत पाणी कुठवर आलं, शिरोळ तालुक्यात कुठली शेतं बुडाली, हे एमएस्सीचा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर रुपया न खर्चता काढू शकतो. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना साध्या चित्रात ढगच दिसतात, म्हणून रडारचं महत्त्व. पूररेषेवरून गावागावांत वाद चालतात, त्या चर्चेत असा नकाशा घेऊन उतरणारे आपले विद्यार्थी असावेत, असं मला फार वाटतं.

तिसरा प्रवाह कंपन्यांचा. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८ मध्ये ‘ड्रीमस्पार्क’ जाहीर करून विद्यार्थ्यांना आपली डेव्हलपर साधनं मोफत दिली. पुढे त्याचं नाव आणि रूप दोन-तीनदा बदललं. २०१४ हे या बाबतीत भराचं वर्ष. त्या वर्षी कोड साठवण्याच्या गिटहब या साइटचा स्टुडंट पॅक (विद्यार्थ्यांसाठी साधनांचा मोफत संच) आला, जेटब्रेन्स कंपनीने विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगची साधनं खुली केली, ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने जगभरच्या विद्यार्थी-शिक्षकांना आपलं सॉफ्टवेअर देऊ केलं, गुगल क्लासरूमही तेव्हाच सुरू झालं. यामागचा हिशोब सरळ आहे: ज्यावर मूल शिकतं, तेच ते नोकरीत मागतं. त्यात लपवाछपवी नाही, आणि ते घेऊ नये असंही मी म्हणणार नाही. फक्त हा परवाना शिकण्यापुरता असतो, दरवर्षी पुन्हा पडताळला जातो आणि त्यावर धंद्याचं काम करता येत नाही.

शिवाय देणारा अटी बदलू शकतो. गुगलने शिक्षणसंस्थांना आधी अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थेला मिळून शंभर टेराबाइटची मर्यादा जाहीर केली, आणि ती २०२२ पासून लागू झाली. लॉकडाउनमध्ये घेतलेल्या तासांची रेकॉर्डिंग साठवून बसलेल्या संस्थांना आवराआवर करावी लागली. २०२५ मध्ये गुगलने भारतीय विद्यार्थ्यांना एआयची विकतची योजना वर्षभर मोफत दिली, तीही ठरलेल्या मुदतीत नोंदणी करणाऱ्यांनाच. वर्ष संपल्यावर त्या सवयीचे पैसे कोण भरणार, हे घेतानाच घरात बोलून ठेवावं.

या सवलती बहुतेक वेळा कॉलेजच्या ईमेलवर मिळतात, आणि आपल्याकडे अडतं ते इथेच. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कितीतरी कॉलेजांत विद्यार्थ्यांना संस्थेचा ईमेल दिलाच जात नाही. ‘एसी डॉट इन’चं डोमेन अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून नोंदवता येतं, आणि पात्र संस्थांना गुगलची मूळ शैक्षणिक सेवाही मोफत मिळते. एखाद्या प्राचार्यांनी आणि एका तंत्रज्ञाने मनावर घेतलं तर होण्यासारखं हे काम आहे. तोवर गिटहबसारख्या ठिकाणी ओळखपत्राचा फोटो देऊन पडताळणी करून घेता येते.

सरकारी प्रवाहातली सगळ्यात ताजी घडामोड म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे देशभरच्या संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची एकच सरकारी वर्गणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं जानेवारी २०२५ पासून खुली झाली. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था आहेत. खासगी व्यवस्थापनाची कॉलेजं त्यात नाहीत. आपल्या भागातली बहुसंख्य कॉलेजं शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, अनुदानित असली तरी. पुढच्या टप्प्यांत ही सोय खासगी संस्थांपर्यंत आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांपर्यंत न्यायची, असं योजनेत म्हटलं आहे. ते होईपर्यंत चंदगड-आजऱ्याच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना त्या नियतकालिकांसाठी सरकारी संस्थेचंच ग्रंथालय गाठावं लागेल.