स्मार्ट एलईडी पट्टी : इंदुरी घरातली पहिली रोषणाई

लवचीक पट्टीवर ओळीने बसवलेले बारीक एलईडी, त्यांना कमी दाबाची वीज देणारा पुरवठा आणि मोबाइलवरून किंवा आवाजाने हुकूम घेणारा कंट्रोलर. या तीन वस्तू जोडून घरच्या घरी केलेल्या रोषणाईला स्मार्ट एलईडी पट्टी म्हणतात. इंदुरातल्या मराठी घरांत ती बहुधा दोन वाटांनी येते. एक वाट नव्या फ्लॅटच्या पीओपी छतातल्या कोव्हची (कडेने ठेवलेल्या खाचेची), दुसरी गणपतीच्या मखराची. शिकणाऱ्याने दुसरी वाट धरावी. मखराला दोन मीटर पट्टी पुरते, काम डोळ्यांच्या उंचीवर होते, काही चुकले तर उकलून पुन्हा करता येते आणि विसर्जनानंतर सगळे सामान पुढच्या प्रयोगाला मोकळे होते. छतात एकदा चिकटवलेली पट्टी दुरुस्त करणे म्हणजे शिडी, धूळ आणि रंगकाम.

रोषणाईची हौस या शहराला जुनी आहे. कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू ठेवलेल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अनंत चतुर्दशीच्या रात्री जेल रोडवरून राजवाड्याकडे निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांचे भोंगे थांबून दशके झाली, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या आजही दिव्यांनी उजळून रस्त्यावर येतात आणि लोक त्यांच्यासाठी रात्र जागवतात. त्या झांक्यांवरचे पळते दिवे आणि बदलते रंग आता तळहातावर मावणाऱ्या कंट्रोलरमधून घरात उतरवता येतात. सामानासाठीही लांब जावे लागत नाही. जेल रोड आणि महाराणी रोडच्या दुकानांत पट्टी, एसएमपीएस (घरची वीज कमी दाबाची करून देणारा पुरवठा), वायर, क्लिपा असे बहुतेक सारे मिळते. फक्त दुकानात जाण्याआधी घरी कागदावर हिशेब केलेला असावा, कारण पट्टी फसते ती बहुधा विजेच्या हिशेबात. ॲप आणि वायफायची पाळी त्यानंतर येते.

पट्टीचे प्रकार

घरगुती पट्ट्या ५, १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. बाजारात २३० व्होल्टवर थेट चालणारी, पारदर्शक प्लास्टिकच्या नळीतली पट्टीही मिळते. ती स्वस्त आणि लांबच लांब असते, पण तिच्यात थेट घरगुती दाबाची वीज खेळते आणि साध्या जोडणीत तिचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लपलपतो. शिकण्यासाठी ती घेऊ नये.

एलईडीच्या आकारावरून पट्टीला आकडे पडतात. २८३५ म्हणजे २.८ बाय ३.५ मिलिमीटर, ५०५० म्हणजे ५ बाय ५ मिलिमीटर. ५०५० मध्ये एकाच कवचात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे बसतात, म्हणून रंगीत पट्ट्यांत हाच आकार सर्वाधिक दिसतो. सीओबी पट्टीत दिवे इतके दाट असतात की ठिपके दिसत नाहीत, प्रकाशाची सलग रेघ दिसते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जिथे चकचकीत ग्रॅनाइटमध्ये प्रत्येक ठिपक्याचे प्रतिबिंब पडते, तिथे सीओबीला पर्याय नाही.

पट्टी कुठेही कापता येत नाही. १२ व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रोधकासह (रेझिस्टरसह) एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते. २४ व्होल्टमध्ये हे अंतर साधारण दुप्पट होते. खुणेशेजारी तांब्याचे छोटे ठिपके असतात, वायर तिथेच सोल्डर करायची. सोल्डरशिवाय जोडणाऱ्या क्लिपा मिळतात, पण घेताना पट्टीची रुंदी ८ की १० मिलिमीटर हे पाहावे लागते. वर्षभर टिकायची रोषणाई असेल तर क्लिपेवर विसंबू नये. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न आणि थोडा फ्लक्स एवढ्यात पक्का जोड होतो.

पांढरा प्रकाश हवा असेल तर रंगाचे तापमान पाहावे. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, बसण्या-उठण्याच्या खोलीचा प्रकाश. ४००० केल्विन ओट्यासाठी आणि अभ्यासासाठी. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दुकानात झगमगतो, पण रात्री घरात डोळ्यांवर येतो. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला पांढरा रंग फिका आणि उसना वाटतो. रंगही हवेत आणि वाचायलाही बसायचे असेल, तर पांढऱ्या एलईडीची वेगळी जोड असलेली चार किंवा पाच वाहिन्यांची पट्टी घ्यावी.

संपूर्ण पट्टी एका वेळी एकाच रंगात ठेवणारा साधा प्रकार आणि प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येणारा पिक्सेल प्रकार, हा सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. पिक्सेल पट्टीत डब्ल्यूएस २८१२बी ही ५ व्होल्टची चिप प्रसिद्ध आहे. तिच्या प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःचा नियंत्रक असतो. कंट्रोलर एकाच तारेवरून सर्वांसाठीचे संदेश रांगेने सोडतो. पहिला एलईडी आपल्या वाट्याचे २४ बिट उचलतो आणि उरलेले पुढच्याकडे देतो. पंगतीत पत्रावळींची चवड पुढे सरकते आणि जो तो वरची एक काढून घेतो, तसेच हे. म्हणूनच मधला एक एलईडी मेला की त्याच्यापुढची सारी ओळ अंधारते किंवा भलतेसलते रंग दाखवते. डब्ल्यूएस २८१५ ही १२ व्होल्टची चिप संदेशासाठी दुसरी राखीव तार ठेवते, त्यामुळे एक एलईडी गेला तरी बाकीची पट्टी चालत राहते. छतात कायमची बसवायची असेल तर थोडे अधिक पैसे मोजून हीच घ्यावी.

विजेचा हिशेब

मीटरला ६० एलईडी असलेली १२ व्होल्टची ५०५० रंगीत पट्टी पूर्ण प्रखरतेत मीटरला सुमारे १४.४ वॉट खाते. पाच मीटरचे रीळ म्हणजे ७२ वॉट, म्हणजेच ६ अँपिअर. पुरवठ्याला कायम शेवटच्या मर्यादेवर राबवू नये. किमान वीस टक्के मोकळीक ठेवायची, म्हणून इथे १०० वॉटचा एसएमपीएस योग्य. विजेच्या बिलाची भीती मात्र नको. हे रीळ पूर्ण प्रखरतेत रोज पाच तास चालले तरी महिन्याला साधारण ११ युनिट होतात, आणि घरात इतका प्रखर प्रकाश कोणी सतत लावत नाही.

५ व्होल्टच्या पिक्सेल पट्टीचा हिशेब अधिक जपून करावा लागतो. डब्ल्यूएस २८१२बीचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो असे धरतात. मखराच्या दोन मीटरला १२० एलईडी लागले, तर ७.२ अँपिअर झाले. पाच मीटरच्या ३०० एलईडींना १८ अँपिअर! मोबाइलच्या चार्जरवर हे चालवू पाहणाऱ्याचा कंट्रोलर सारखा बंद-चालू होत राहतो आणि दोष वायफायवर जातो. मखरासाठी ५ व्होल्ट १० अँपिअरचा पुरवठा घ्यावा किंवा कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा ३ अँपिअर ठेवून ४ अँपिअरच्या अडॅप्टरवर काम भागवावे. गाभाऱ्यासारख्या लहान जागेत तेवढा प्रकाश पुरून उरतो.

दुसरी अडचण लांबीची. पट्टीतले तांबे पातळ असते. वीज एका टोकाने दिली की दुसऱ्या टोकापर्यंत दाब उतरतो आणि पांढरा रंग शेवटी पिवळा, मग तांबूस होतो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास लागतात. दाब उतरला की आधी निळा आणि हिरवा मंदावतात, लाल मागे उरतो. उपाय सोपा आहे. पुरवठ्यापासून जाड वायरची जोडी पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही न्यायची. ५ व्होल्टची लांब पट्टी असेल तर मध्येही. दीड एमएमची वायर या कामाला चांगली. अशा प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला फ्यूज असावा, कारण १८ अँपिअर देऊ शकणारा पुरवठा शॉर्ट झालेली बारीक वायर वितळवू शकतो.

कंट्रोलर

पहिली वाट तयार कंट्रोलरची. पट्टी, अडॅप्टर आणि वायफाय कंट्रोलर एकाच डब्यात मिळतात, ॲपमध्ये जोडले की काम झाले. जोडणी अडते ती बहुधा वायफायपाशी. हे स्वस्त कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. फोन ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर असेल तर त्यांची भेट होत नाही. राउटरमध्ये दोन्ही जाळ्यांना वेगळी नावे दिली की प्रश्न सुटतो. यातले बरेच कंट्रोलर कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलतात, म्हणून इंटरनेट गेले की ॲप मुके होते. फिलिप्सची ह्यू मालिका झिगबी या वेगळ्या रेडिओवर चालते. ती महाग आहे, पण भरवशाची आहे.

दुसरी वाट स्वतः कंट्रोलर करण्याची, आणि या विषयाची खरी गोडी तिच्यात आहे. एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ चिप असलेला छोटा बोर्ड घ्यायचा आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत, मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर चढवायचे. कोड लिहावा लागत नाही. बोर्ड यूएसबी केबलने संगणकाला जोडून ब्राउझरमधूनच ते चढते. मग बोर्ड स्वतःचे वायफाय सुरू करतो, फोनने त्याला जोडून घराच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड द्यायचा. दिवे पळवण्याच्या आणि रंग बदलण्याच्या शंभराहून अधिक चाली तयार मिळतात, सगळा कारभार घरातल्या घरात चालतो आणि इंटरनेट नसले तरी बिघडत नाही. नव्याने चढवलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रवाहाची मर्यादा मुद्दाम ८५० मिलिअँपिअर इतकी कमी असते. पट्टी फार मंद दिसली तर आधी तिकडे पाहावे आणि आपला पुरवठा पेलेल तेवढाच आकडा भरावा.

जोडणीत पुरवठा, बोर्ड आणि पट्टी या तिघांचा ऋण टोकाचा (ग्राउंडचा) जोड एकच असला पाहिजे. तो सुटला की रंग वेडेवाकडे नाचतात. बोर्ड ३.३ व्होल्टचा संदेश पाठवतो, ५ व्होल्टच्या पट्टीला मात्र नियमाने ३.५ व्होल्ट लागतात. संदेशाची तार वीतभर असेल तर बहुधा निभते. लांब असेल तर मध्ये ७४एचसीटी१२५ सारखी दाब उंचावणारी चिप टाकावी. त्याच तारेवर पट्टीच्या तोंडाशी २२० ते ४७० ओहमचा रोधक आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवण्याची पद्धत आहे. पट्टीवरचा बाण कंट्रोलरपासून दूर जाणारा हवा. उलट्या टोकाला जोडलेली पट्टी एकही दिवा दाखवत नाही.

बसवणी

पट्टी स्वतः दिसू नये, तिचा प्रकाश दिसावा. भिंतीवर पडून परतलेला प्रकाश खोलीला मऊ करतो. उघड्या एलईडींची रांग डोळ्यांत खुपते. मखरात पट्टी मूर्तीच्या मागे, कमानीच्या आतल्या कडेला, तोंड पाठीमागच्या पडद्याकडे करून लावावी. मूर्तीच्या चेहऱ्यावर रंगीत प्रकाश टाकू नये. शाडूच्या मूर्तीवरचे हातचे रंग हिरव्या-जांभळ्या उजेडात मरतात. चेहऱ्यासाठी उबदार पांढराच ठेवावा.

राजवाड्याभोवतीच्या जुन्या घरांत चुन्याची भिंत आणि सागवानी तुळया असतात. चुन्यावर पट्टीचा गोंद धरत नाही, भुकटीसकट सुटतो. तिथे ॲल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने तुळईला बसवून पट्टी तिच्यात चिकटवावी. पन्हळ उष्णताही ओढून घेते, आणि एलईडीचे आयुष्य उष्णतेवरच ठरते. माळव्यातल्या मे महिन्यात खोट्या छताच्या आतली हवा खूप तापते, म्हणून एसएमपीएस तिथे कोंडू नये. नव्या वसाहतींतल्या पुट्टी-रंगाच्या भिंतीवर गोंद बरा टिकतो, मात्र आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. गॅलरीतल्या आकाशकंदिलासाठी आणि तुळशीपाशी आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) किंवा त्याहून वरचे आवरण असलेली पट्टी लागते. कापलेले टोक सिलिकॉनने बंद केले नाही, तर त्या आवरणाचा काही उपयोग नाही.

रिळावर गुंडाळलेली पट्टी तपासण्यासाठी क्षणभर लावली तर ठीक, पण तशीच चालू ठेवू नये. आतली वेटोळी तापतात. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूचे जोड झाकलेले असावेत, अर्थिंग जोडलेले असावे आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण असावी. ही बाजू स्वतः करण्याचा आत्मविश्वास नसेल तर वायरमन बोलवावा. समईची ज्योत, तेल आणि वायर यांत हातभर अंतर हवेच.

घरातल्या माणसांची सोय

स्मार्ट पट्टीची परीक्षा आजी-आजोबांच्या हाती असते. त्यांनी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की कंट्रोलरची वीजच जाते आणि फोन शोधत बसतो. म्हणून पुरवठा चालूच ठेवावा आणि हाताशी एक साधे दाबाचे बटण थेट कंट्रोलरला जोडावे. डब्ल्यूएलईडीत ती सोय आहे. वीज जाऊन परतल्यावर पट्टीने काय करायचे हेही सेटिंगमध्ये ठरवावे, नाही तर रात्री दोन वाजता झोपायची खोली लख्ख उजळते. पिक्सेल पट्टी काळी दिसत असतानाही प्रत्येक चिप थोडी वीज घेत राहते. ३०० एलईडींचे मिळून दीडेक वॉट होतात. कायमच्या रोषणाईत रिले (विजेने चालणारा स्विच) घालून ती तोडता येते.

दुरुस्ती

पिक्सेल पट्टी एका ठिकाणापासून पुढे बंद पडली, तर शेवटचा पेटता एलईडी आणि पहिला विझलेला एलईडी या दोघांपैकी एक बिघडलेला असतो. दोन्ही खुणांवर कापून काढावेत आणि बाण त्याच दिशेला ठेवून तेवढाच नवा तुकडा सोल्डर करावा. म्हणून मूळ खरेदीतला अर्धा मीटर तुकडा जपून ठेवतात. दुसऱ्या खेपेच्या पट्टीची छटा बहुधा जुळत नाही.