कोल्ड कॉफी पाहिजे की कोल्ड ब्रू? आधी ठरवा, मग मी ग्लास भरते

आमच्या कॅफेच्या मेन्यूत कोल्ड ब्रू आणि कोल्ड कॉफी या दोन ओळी एकाखाली एक आहेत, आणि ज्याने कोणी त्या तशा छापल्या त्याला मी रोज दुपारी मनातल्या मनात शिव्या घालते. परवाच एक काका नातवाला घेऊन आले, वरची ओळ वाचली, दोन कोल्ड ब्रू सांगितले. मी विचारलं, काका ही काळी असते हं, दूध नसतं. हो हो माहितीये म्हणाले. ग्लास समोर ठेवला, एक घोट घेतला आणि मग तो पुणेरी पॉज. "बाळा, दूध घालायचं राहिलं का गं?"

काकांची चूक नाहीच. पुण्यात कोल्ड कॉफी म्हणजे काय हे ठरलेलं आहे. मिक्सरमधून आलेली, वर दोन बोटं फेस, गोड, घट्ट, गार, जमलंच तर आत आइस्क्रीमचा गोळा. कोथरूडला एमआयटीजवळच्या दुर्गाच्या कोल्ड कॉफीवर आमच्या पिढ्या वाढल्यात, त्यामुळे 'कोल्ड' हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर दूधच येतं. मग ब्रू हे काहीतरी इंग्लिश फॅशनचं नाव असणार, माल तोच, असं वाटतं. शिवाय ब्रू नावाची इन्स्टंट कॉफी घराघरात आहे, त्यामुळे अर्धे लोक समजतात की ब्रूची कोल्ड कॉफी म्हणजे कोल्ड ब्रू! हे मी बनवून सांगत नाहीये, आठवड्यातून एकदा तरी होतं.

तर फरक. माझ्या मते तो दुधाचा नाहीच, म्हणजे दिसायला दुधाचा आहे पण मूळ फरक असा की कोल्ड कॉफीत कॉफी विरघळवतात आणि कोल्ड ब्रूमध्ये कॉफी भिजवतात. एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

इन्स्टंट पावडर म्हणजे खरं तर आधीच तयार झालेली कॉफी. फॅक्टरीत कॉफीचा अर्क काढतात, तो आटवतात, मग गरम हवेत फवारून किंवा गोठवून वाळवतात, आणि उरते ती पावडर. म्हणून ती दुधात घातली की गायब होते, चोथा राहत नाही. याउलट बिया दळून केलेली पावडर पूर्ण विरघळतच नाही. भाजलेल्या बीमधला साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, बाकीचा बियांचा सांगाडा, त्याला किती ढवळा, तो तसाच राहणार. आमच्या आईने हे स्वतः सिद्ध केलंय. मी घरी कॅफेतली दळलेली कॉफी आणली होती, तिने ती कौतुकाने दूध, साखर, बर्फ घालून मिक्सरला फिरवली. दिसायला अप्रतिम. पहिला घोट घेतला आणि दाताखाली वाळू! मग गाळणीतून गाळली, मग फडक्यातून गाळली, आणि शेवटी "तुमची ती भारी कॉफी तुम्हालाच लखलाभ" म्हणून सिंकमध्ये.

आता माझ्या दिवसात या दोघी कुठे बसतात ते सांगते, कारण तिथे फरक सगळ्यात जास्त दिसतो. उद्या दुपारी तुम्ही जो कोल्ड ब्रू पिणार तो मी आज रात्री लावते. रात्री साडेनऊला मशीन धुवून झालं, फरशी व्हायची असते, पाय बोलायला लागलेले असतात, तेव्हा १ किलो कॉफी दळायची. दळायची म्हणजे जाड, रव्याहूनही जाड, खडेमिठासारखी. ती कापडी पिशवीत भरायची, मोठ्या डब्यात ८ लिटर गाळलेलं पाणी, पिशवी त्यात बुडवून सगळी कॉफी नीट ओली झाली ना ते बघायचं, झाकण, फ्रिज. सकाळी साडेसातला शटर उघडतं तेव्हा तिला हात लावायचा नाही. आधी एस्प्रेसोचा (म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेल्या छोट्या, कडक कॉफीचा) ग्राइंडर सेट करायचा, तो रोज नखरे करतो, हवा दमट असेल तर जास्तच. दोनचार शॉट ओतून द्यावे लागतात. दहाच्या सुमाराला गर्दी ओसरली की मग पिशवी बाहेर. साडेबारा तास झालेले असतात. काहीजण १६-१८ तास ठेवतात, आमच्या बियांना १२-१३ तास पुरतात, पुढे ती लाकडासारखी लागायला लागते.

८ लिटर पाणी घातलं म्हणून ८ लिटर मिळत नाही हं. चोथा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसतो, त्यामुळे हातात येतं साधारण ६ लिटर, आणि ते सगळं कडक कॉन्सन्ट्रेट. १०० मिली ते, १०० मिली पाणी, वर बर्फ, असे ६० ग्लास. म्हणजे ग्लासमागे साधारण १७ ग्रॅम कॉफी, एका डबल एस्प्रेसोला लागते जवळपास तेवढीच. "नुसतं काळं पाणी आणि त्याचे दुधाच्या कॉफीपेक्षा जास्त पैसे?" हा प्रश्न मला दिवसातून तीनदा येतो, त्याचं उत्तर हे. आणि रविवारी ६१वा माणूस आला की त्याला नाही म्हणावं लागतं, कारण कोल्ड ब्रू आत्ताच्या आत्ता बनत नाही. कोल्ड कॉफी संपली असं मात्र कधी होत नाही, दूध आहे आणि लाइट आहे तोपर्यंत कोल्ड कॉफी आहे.

एकदा झोपेत मी एस्प्रेसोचीच बारीक दळलेली कॉफी भिजत घातली होती. सकाळी पिशवीतून थेंब पडेना, दुपारी बारापर्यंत पिळत बसले आणि निघाला तो कडू चिखल. तेव्हापासून ग्राइंडरवर चिकटपट्टी लावून 'जाड!!' असं लिहून ठेवलंय.

गार पाण्याने एवढा वेळ का लागतो तर गरम पाणी जे काही मिनिटांत खेचून काढतं त्याला गार पाण्याला रात्र लागते, आणि तरी सगळं निघत नाहीच. काही आंबट आणि कडू भाग मागेच राहतो, म्हणून कोल्ड ब्रू गुळगुळीत लागतो, थोडा कोको, थोडा गूळ अशी चव. वासही कमी असतो, गरम कॉफीचा घमघमाट शोधायला गेलात तर निराश व्हाल. यावरून लोक म्हणतात की कोल्ड ब्रूमध्ये ॲसिडच नसतं, पित्तवाल्यांनी बिनधास्त प्यावा. असं नाहीये. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन युनिव्हर्सिटीतल्या दोन संशोधकांनी एकाच बियांची गरम आणि गार कॉफी तपासली, तर दोन्हींचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या मधे. गरम कॉफीत एकूण ॲसिडं जास्त होती हे खरं, पण गार म्हणजे निर्धोक असं काही नाही. ज्यांना उपाशीपोटी कॉफीने जळजळतं त्यांना मी आधी काहीतरी खा म्हणते, सँडविचही खपतं आमचं.

कोल्ड कॉफीचं शास्त्र वेगळं, आणि तिला कमी लेखणारे बारिस्ता, म्हणजे माझ्यासारखे कॅफेत कॉफी बनवणारे, मला आवडत नाहीत. चांगली कोल्ड कॉफी जमणं सोपं नाही. इन्स्टंट पावडर थंडगार दुधात टाकली की तिचे गोळे होतात, म्हणून आधी दोन चमचे कोमट पाण्यात साखरेबरोबर घोटून घ्यायची. दूध फुल क्रीम, ६ टक्के फॅटवालं, आणि अगदी बर्फासारखं गार. दूध कोमट असेल तर फेस धरत नाही, धरला तरी टेबलावर जाईपर्यंत बसतो. बर्फ मिक्सरमध्ये जास्त फिरवला तर पाणी होतं, कमी फिरवला तर खडे. आमचा आधीचा शेफ मिक्सरचा आवाज ऐकून सांगायचा, झालं, बंद कर. मला अजून जमत नाही ते.

तिच्यात कॉफी किती हा वेगळा विषय. बऱ्याच इन्स्टंट पाकिटांमध्ये चिकोरी असते, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळी, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, एकदा घरचं पाकीट उलटं करून वाचा. चिकोरीत कॅफीन नसतं, पण दुधाखाली जी दाट, कडसर, करपलेल्या साखरेसारखी चव येते ती तिचीच. नुसत्या भारीतल्या अरेबिकाची, म्हणजे सौम्य चवीच्या कॉफीच्या जातीची, कोल्ड कॉफी केली तर लोक म्हणतात पांचट झाली. बरोबरच आहे, इतकं दूध, साखर आणि आइस्क्रीम अंगावर घ्यायचं तर दांडगी चव हवी. (एक मावशी चतुर्थीला विचारत होत्या, कोल्ड कॉफी उपासाला चालते ना? मी चिकोरीचं सांगितलं तर म्हणाल्या मुळीच आहे ना, मग रताळ्यासारखंच. मी बिल केलं.)

कॅफीनचं मात्र जपून. कोल्ड ब्रू गोड, गुळगुळीत लागतो म्हणून पटकन संपतो, आणि बिया रोबस्टा या दुसऱ्या जातीच्या असतील तर अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन. बाटलीतलं कॉन्सन्ट्रेट पाणी न घालता पिणारा एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता आमच्याकडे, सबमिशनच्या आठवड्यात. रात्री दोनला मित्राला फोन करून माझं हृदय बाहेर येतंय म्हणत होता. बाटलीवर 'समप्रमाणात पाणी घाला' असं लिहिलेलं असतं ते सजावटीला नसतं.

अजून एक बारीक गोष्ट, साखर. काळ्या गार कॉफीत लोक साखरेची पुडी फोडून ओततात, ढवळतात, ती तळाशी जाऊन बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा. त्यासाठी आमच्याकडे साखरेचा पातळ पाक असतो, मागा, फुकट आहे. आणि गरम एस्प्रेसो बर्फ आणि गार पाण्यावर ओतला तर तो आइस्ड अमेरिकानो, कोल्ड ब्रू नाही, दिसायला जुळी भावंडं असली तरी. तो दोन मिनिटांत होतो आणि चवीला जास्त चुरचुरीत, ६१व्या माणसाला मी तोच देते.

काकांचं पुढे काय झालं ते राहिलं. त्यांनी ग्लास परत केला नाही, पैसे दिलेत तर वाया कसा घालवणार. म्हणाले, व्हॅनिलाचा एक गोळा टाक यात. टाकला. नातवाने अर्धा संपवला, काकांनी उरलेला, आणि आता दर शनिवारी येऊन तेच मागतात. बिलिंगच्या स्क्रीनवर यासाठी बटण नाहीये, मी कोल्ड ब्रू मारते आणि वर एक्स्ट्रा स्कूप, आणि काका दर वेळी बिल वाचून विचारतात, "मी कोल्ड कॉफी प्यायलो ना, मग हे ब्रू कुठून आलं?"