ब्लेड, चिकटपट्टी आणि कालप्रवासाची धून

संगीतकार रॉन ग्रेनरने लिहून दिलेली स्वरलिपी एका कागदावर मावली होती. खाली एकसारखी धावणारी खर्जाची ओळ, वर लांब सुरांची चाल आणि काही ठिकाणी सुरांऐवजी नुसत्या सूचना: इथे वाऱ्याचे बुडबुडे, इथे ढग. वाऱ्याचा बुडबुडा कोणत्या वाद्यावर वाजवायचा, हे काही त्याने लिहिलं नव्हतं. कागद सोपवला आणि स्वारी सुटीवर निघून गेली.

साल होतं १९६३. शनिवारी संध्याकाळी दाखवायच्या एका नव्या विज्ञानमालिकेसाठी बीबीसीला शीर्षकसंगीत हवं होतं. मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळातून भटकणाऱ्या एका गूढ, खाष्ट म्हाताऱ्याची गोष्ट. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन (हा जन्माने लखनौचा) या दोघांनीही तिशी ओलांडलेली नव्हती. काचेच्या दांड्यांतून सूर काढणारा एक फ्रेंच वाद्यवृंद लॅम्बर्टच्या मनात होता. ते जमलं नाही आणि काम आलं बीबीसीच्याच रेडिओफोनिक वर्कशॉपकडे.

वर्कशॉप हे नाव अगदी योग्य होतं. लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या स्टुडिओत १९५८ साली सुरू झालेल्या या विभागाचं काम म्हणजे रेडिओ नाटकांना लागणारे चित्रविचित्र आवाज बनवून देणं. ‘डॉक्टर हू’मधल्या कालयानाचा घरघरता आवाज तिथल्या ब्रायन हॉजसनने जुन्या, मोडक्या पियानोच्या जाड तारांवरून घराची किल्ली खरवडून काढला. बाकी सामग्री म्हणजे टेपरेकॉर्डर, फिल्टर आणि ऑसिलेटर. हे ऑसिलेटर मुळात इंजिनिअर लोकांनी यंत्रं तपासायला ठेवलेले. तबकडी फिरवली की ठरावीक कंप्रतेचा एक सपाट सूर निघायचा, बस्स. बाजारात मिळेल असा सिंथेसायझर अजून यायचा होता.

ग्रेनरचा कागद डेलिया डर्बिशरच्या टेबलावर आला. ही १९३७ सालची, कॉव्हेंट्रीची. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली. डेक्का कंपनीत नोकरी मागायला गेली, तेव्हा ‘आम्ही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बायकांना घेत नाही’ असं तिला सरळ सांगण्यात आलं होतं. युद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले तेव्हा ती लहान होती. हवाई हल्ल्याचे चढते-उतरते भोंगे आणि धोका टळल्याचा तो सरळ, लांब सूर हेच आपण ऐकलेलं पहिलं अमूर्त संगीत, असं ती पुढे सांगायची.

आता मुळात ती चाल घ्या. पेटीवर वाजवली तर तिच्यात अंतराळातलं काहीही नाही. मायनर सप्तकातली साधी, ठेकेबाज धून आहे. गुप्तहेराच्या मालिकेलाही चालली असती. मग ती ऐकताना अंगावर काटा येतो, तो कशाने? माझ्या मते विज्ञानकथेच्या शीर्षकसंगीतातलं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे आणि त्याचं उत्तर चालीत सापडत नाही, सुराच्या पोतात सापडतं.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बरोबर शंभर वर्षं आधी, १८६३ साली, सुरांच्या संवेदनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सतारीचा सा आणि बासरीचा सा एकाच उंचीचा असूनही वेगळा का ऐकू येतो, याचं त्याने दिलेलं कारण असं: कोणत्याही वाद्याचा सूर एकटा नसतो. मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे सूरही मिसळलेले असतात, त्यांना आपण हार्मोनिक म्हणतो. त्यांचं प्रमाण बदललं की वाद्याचा रंग बदलतो.

ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली पुढे टेपवाल्यांच्या आणि रेकॉर्डवाल्यांच्या हाती लागली. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरने १९४८ च्या सुमारास घंटेचा नाद ध्वनिमुद्रित केला आणि त्यातला टोला पडतानाचा पहिला क्षण कापून टाकला. जे उरलं त्यात घंटेची ओळख पटेना. पियानोचंही तसंच होतं, हातोडी तारेवर आपटण्याचा क्षण काढून टाका, पुढचा सूर ऑर्गनचा वाटायला लागतो. म्हणजे आवाज कशाचा आहे हे कान बऱ्याच अंशी सुराच्या सुरुवातीवरून ओळखतो. कोणी तरी तार छेडली, कोणी फुंकर मारली, कोणी कातड्यावर थाप दिली. त्या सुरुवातीत ढवळाढवळ केली की कानाला मालक सापडत नाही. आणि ज्याचा मालक सापडत नाही तो आवाज ‘इथला’ वाटत नाही.

डर्बिशरला हे पक्कं ठाऊक होतं. वर्कशॉपमध्ये पत्र्याची एक हिरवी, जुनाट लॅम्पशेड होती आणि तिचा नाद तिला फार आवडायचा. एका माहितीपटासाठी तिने ती वाजवली, ठोका काढून टाकून मागे रेंगाळणारा झंकार तेवढा ठेवला, त्यातल्या कंप्रता वेगळ्या काढल्या आणि ऑसिलेटरवर तो झंकार पुन्हा रचला. ते ऐकताना वाळवंट डोळ्यासमोर येतं, लॅम्पशेड नाही!

‘डॉक्टर हू’च्या खर्जाच्या ओळीसाठी तिने एक ताणलेली तार छेडली. तेवढं एकच ध्वनिमुद्रण, बाकीचे सगळे सूर त्यातूनच काढले. टेप दुप्पट वेगाने चालवली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, निम्म्या वेगाने चालवली की एक सप्तक खाली. मधल्या बारा पायऱ्यांपैकी प्रत्येकीसाठी वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलायचा. पण वेग बदलला की उंचीबरोबर बाकीचंही बदलतं. निम्म्या वेगाला सूर दुप्पट लांबतो, तार सुटतानाचा टणत्कार पसरट होतो आणि त्या एवढ्याशा तारेचा आवाज एखादी अजस्र वस्तू हलल्यासारखा येतो. कानाला तार कळते, पण एवढी मोठी तार जगात कुठे असते, ते कळत नाही.

असा प्रत्येक सूर वेगळ्या टेपवर घ्यायचा, मग मोजून कापायचा. व्यावसायिक टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर १९ सेंटिमीटरचा. पट्टी, ब्लेड, चिकटपट्टी. काप काटकोनात दिला तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून तिरका द्यायचा. पाव इंच रुंदीच्या टेपवर ४५ अंशांचा काप दिला की एक सूर मावळून दुसरा उगवायला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात आणि सांधा कानाला लागत नाही. मोजण्यात पाच मिलिमीटर चुकलं तर ठेका १३ मिलिसेकंदांनी सरकला. असे एकामागून एक तुकडे जोडत धून पुरी करायची. दोन मिनिटांहून थोड्या मोठ्या धुनेची टेप भरते सुमारे पन्नास मीटर, आणि ती झाली फक्त एक ओळ.

ही तारच का, ऑसिलेटरचा सोपा खर्ज का नाही? डर्बिशरच्या मनात काय होतं ते असो, पण भौतिकशास्त्र तिच्या बाजूचं होतं. त्या काळच्या टीव्हीचा स्पीकर तो केवढा! ८० हर्ट्झचा (सेकंदाला ८० कंपनांचा) खर्ज त्यातून धड बाहेरच येत नसे. शुद्ध ऑसिलेटरचा सूर असता तर घराघरांत तो गायब झाला असता. तारेच्या सुरात मात्र १६०, २४०, ३२० हे हार्मोनिक असतात. ते स्पीकरमधून येतात आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून ८० चा मूळ सूर आपणहून भरून काढतो. नसलेला सूर ऐकू येतो. याची दुसरी बाजू आपल्या गाणाऱ्यांना चांगली माहीत आहे. तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार उमटतो, तो पाचवा हार्मोनिक. तिथे सूर खरोखर तारेत असतो, इथे तो निव्वळ डोक्यात.

वरची चाल मात्र ऑसिलेटरची. तबकडी हाताने फिरवत, वेळ साधत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. आपण याला मींड म्हणू. पण गवयाच्या मींडेत श्वास असतो, सतारीच्या मींडेत पडद्यावर खेचलेल्या तारेचा ताण असतो. या मींडेत कुणाचंच अंग नाही, आणि नेमकं तेच हवं होतं. ग्रेनरच्या ढगांसाठी आणि बुडबुड्यांसाठी तिने श्वेत रव वापरला. रेडिओचं स्टेशन सुटलं की येते तशी खरखर, ज्यात सगळ्याच कंप्रता सरमिसळ असतात. फिल्टर लावून त्यातला हवा तेवढा पट्टा ठेवला की खरखरीचा वारा होतो.

मग सगळं एकत्र आणायचं. वर्कशॉपमध्ये मल्टिट्रॅक, म्हणजे एकाच टेपवर अनेक ओळी वेगवेगळ्या घेणारं, यंत्र नव्हतं. वेगवेगळ्या ओळींच्या टेप वेगवेगळ्या यंत्रांवर लावायच्या, एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू करायच्या आणि चौथ्या यंत्रावर मिसळण घ्यायचं. पुढेमागे झालं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर कुठे तरी एक जोड चुकलाय एवढंच कळत होतं, कुठे ते कळेना. डर्बिशर आणि तिचा सहकारी डिक मिल्स यांनी टेप मेडा व्हेलच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोडाला जोड ताडत चालत गेले. जिथे एका टेपचा जोड बाकीच्यांच्या ओळीत येईना तिथे चूक. काळाच्या चुका फूटपट्टीने शोधण्याची ही सोय संगणकाच्या पडद्यावर आता सर्रास असते. तेव्हा ती जमिनीवर होती.

ग्रेनर परत आला, ऐकलं आणि म्हणाला, “हे मी लिहिलंय?” डर्बिशर म्हणाली, “बहुतेक सगळं.” २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, पहिला भाग दाखवला गेला. पडद्यावर वळवळणारे धुराचे आकारही त्याच जातीचे. कॅमेरा स्वतःच्याच चित्राच्या पडद्याकडे रोखला की चित्रातलं चित्र फिरत राहतं, ती युक्ती.

मानधनाची गोष्ट सांगायलाच हवी. रॉयल्टीतला निम्मा वाटा डर्बिशरला मिळावा असं ग्रेनरचं म्हणणं होतं. बीबीसीच्या नियमात ते बसेना, ती पगारी नोकर आणि वर्कशॉपच्या कामावर व्यक्तीचं नाव घालायची पद्धत नव्हती. याच सुमारास अमेरिकेत उलट प्रकार घडला. ‘स्टार ट्रेक’ची धून अलेक्झांडर करेजची. मालिकेचा जनक जीन रॉडनबरीने त्या धुनेवर शब्द लिहिले, ते मालिकेत कधीच गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून निम्मी रॉयल्टी मात्र त्याच्या खात्यात जायला लागली. एकाला द्यायचा होता तो देता आला नाही, दुसऱ्याचा न विचारता गेला!

करेजची युक्तीही पाहण्यासारखी आहे. त्याने इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा नाद सोडला आणि लूली जीन नॉर्मन या गायिकेचा शब्दांविना आवाज वाद्यांत असा मिसळला, की हा गळा आहे की वाद्य ते कळू नये. अनेकांना आजही ते थेरमिन, म्हणजे हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाटतं. यान सूंकन जाण्याचा आवाज त्याने स्वतःच्या तोंडाने काढला होता. पुढे रॉडनबरीने गायिकेचा आवाज वर आणायला लावला आणि मिसळण बिघडलं. मला तरी त्यात मूळची जादू अर्धी गेल्यासारखी वाटते. गाणारी बाई ओळखू आली की संपलं.

डर्बिशरची धून किरकोळ फेरफारांसह १९८० पर्यंत चालली. त्या वर्षी पीटर हॉवेलने ती सिंथेसायझरवर नव्याने बांधली. चकचकीत, ताकदवान आणि माझ्या कानाला जरा जास्तच नेमकी. हाताने कापलेल्या टेपमध्ये कोणतेही दोन सूर अगदी एकसारखे नसतात, कान त्यामुळे जागा राहतो. डर्बिशर २००१ साली गेली. पडद्यावर श्रेयनामावलीत तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागात.

त्याआधी २००५ साली मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हा संगीतकार मरे गोल्डने भरघोस वाद्यवृंदाचा थाट केला. तंतुवाद्यं, ब्रास, तालवाद्यं, सगळं हाताशी होतं. तरी चाल पकडण्यासाठी त्याने १९६३ च्या टेपमधलेच डर्बिशरचे सूर उचलले आणि वाद्यवृंद त्यांच्या भोवती बसवला.